रतिबाचं निरसं दूध आणि कायदा

परभणी, लातूर, नांदेडच्या गल्ल्यांत सकाळी रतिबाचं दूध येतं ते बहुतेक निरसंच असतं. धार काढली, गाळलं, कॅनमध्ये ओतलं आणि गाडीला अडकवलं. असं दूध विकणं गुन्हा आहे का? नाही. कॅनडात १९९१पासून त्यावर देशभर बंदी आहे. आपल्याकडे तशी बंदी कधीच आली नाही. दूध तापवूनच प्यायचं ही रीत घरोघरी होती, त्यामुळे आपल्या कायद्याने जंतूंपेक्षा पाण्याची धास्ती जास्त घेतली, असं मला वाटतं.

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४चा. १ जून १९५५ रोजी तो लागू झाला तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता. या कायद्यात दुधाची मुख्य परीक्षा फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणाऱ्या घन भागावर. निरीक्षक दूध घेई, त्याचे तीन भाग करी, नमुना नासू नये म्हणून प्रत्येक बाटलीत फॉर्मलिनचे थेंब टाकून सील लावी. आकडा ठरल्यापेक्षा खाली आला की दूध भेसळीचं ठरे, मग त्यात पाणी घातलेलं असो वा नसो. १९६४च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला साधारणपणे किमान सहा महिने कैद होती. दुष्काळात कडब्यावर जगवलेल्या जनावराच्या दुधाचा आकडा घसरतो, हे मराठवाड्यात कुणालाही सांगावं लागत नाही. पाणी घालणारा आणि चारा नसलेला, दोघांना एकाच मापाने मोजणारा हा कायदा छोट्या शेतकऱ्यासाठी अन्यायाचाच होता.

शहर लांब असलेल्या गावांना रतीब परवडत नसे. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, वाशीकडे म्हणूनच दुधाचा खवा होत आला. कढईत दूध आटलं की लगेच नासायची भीती कमी झाली. १९९२चा दूध आदेश मोठ्या डेअऱ्यांसाठी होता, दारोदार दूध घालणाऱ्याचा त्याच्याशी संबंध आला नाही.

खरा बदल २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याने झाला. ५ ऑगस्ट २०११पासून तो अमलात आला आणि जुना कायदा गेला. आता ‘कमी दर्जाचं’ आणि ‘असुरक्षित’ हे दोन वेगळे गुन्हे झाले. नुसता फॅट कमी भरला तर दंड होतो, तुरुंग नाही. याच कायद्याने शेतकऱ्याच्या हातातला माल ‘प्राथमिक अन्ना’च्या व्याख्येबाहेर ठेवला. पण दूध घरोघर विकायला निघालं की तो व्यवसाय धरला जातो. २०११च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला परवान्याऐवजी नुसती नोंदणी पुरे होती, फी वर्षाला १०० रुपये. सहकारी दूध संस्थेचा सभासद सगळं दूध संस्थेलाच घालत असेल तर तीही नको. म्हणजे सकाळचं दूध डेअरीला आणि संध्याकाळचं रतिबाला घालणाऱ्याला ही सूट मिळत नाही. आपल्याकडे असे कितीतरी जण आहेत आणि हा नियम त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेला नसतो.

नोंदणी जरूर करावी. पण तिच्या अर्जाला फोटो आणि ओळखपत्र लागतं, गायीच्या रक्ताची तपासणी लागत नाही. अशा तपासणीत सापडणारा ब्रुसेला हा गुरांच्या रोगाचा जंतू निरशा दुधातून माणसात येतो. ताप महिनोन्‌महिने जात नाही, सांधे धरतात. दूध नीट उकळलं की तो मरतो. वासरीला चार ते आठ महिन्यांच्या वयात त्याची लस देता येते. २०१९पासून केंद्राच्या कार्यक्रमात ही लस आहे. गाय देवणी जातीची असो की लाल कंधारी, रतिबाचं दूध देणाऱ्या गोठ्यातल्या प्रत्येक वासरीला ती मिळाली का, हे नोंदणीच्या वेळीच विचारलं गेलं पाहिजे.