केशरी कार्ड आहे, मग धान्य का मिळेना? शिधापत्रिका आणि 'प्राधान्य' यांतला फरक

"कार्ड हाय की आमच्याकडं, मग माल का देईना?" नीलम नगर असो, सत्तर फूट रोड असो, सोलापुरातल्या रेशन दुकानांसमोर हा सवाल नेहमीचा. राग निघतो तो दुकानदारावर. पण अशा भांडणांत बहुतेक वेळा दुकानदार खरंच काही करू शकत नसतो, कारण शिधापत्रिका असणं ही एक गोष्ट आणि अन्नसुरक्षा योजनेत नाव असणं ही दुसरी. दोन्हींचे निकष वेगळे, अर्ज वेगळे, आणि पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. हे माहीत नसल्यानं लोक कार्ड काढतात, पैसे घालवतात आणि पिशवी रिकामी घेऊन परततात.

आधी कार्डाचं बघू. पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तिरंगी कार्डं राज्यात १ मे १९९९ पासून आली. तेव्हाचा हिशेब असा: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळं, त्याच्या वर आणि एक लाखाच्या आत असेल तर केशरी, एक लाख किंवा जास्त असेल तर पांढरं. केशरीला आणखी दोन अटी होत्या. घरात चारचाकी नको (टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला सूट) आणि बागायती जमीन चार हेक्टर किंवा जास्त नको. म्हणजे कार्डाचा रंग तुमची आर्थिक पायरी सांगतो, पोत्यातलं धान्य तुमच्या नावावर निघतंय की नाही हे सांगत नाही.

धान्याचा हक्क येतो राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातून. कायदा २०१३ चा, महाराष्ट्रात तो लागू झाला १ फेब्रुवारी २०१४ पासून. त्यात लाभार्थींचे दोनच गट आहेत, अंत्योदय (सर्वांत गरीब घरं) आणि प्राधान्य कुटुंब. केशरी कार्डवाल्यांपैकी ज्यांचं वार्षिक उत्पन्न शहरात ५९ हजारांच्या आत आणि खेड्यात ४४ हजारांच्या आत, ते प्राधान्यात बसू शकतात. त्यांच्या कार्डावर 'प्राधान्य कुटुंब लाभार्थी' असा शिक्का मारला गेला. ज्यांच्यावर तो पडला नाही त्यांचं कार्ड केशरीच राहिलं, फक्त धान्य थांबलं.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. केशरीची हद्द एक लाख, शहरातल्या प्राधान्याची ५९ हजार. महिन्याला मोजलं तर ८,३०० च्या आसपास आणि ४,९०० च्या आसपास. या दोन रकमांच्या मध्ये जो बसला त्याला केशरी कार्ड मिळेल, नियमानं धान्य मिळणार नाही. यंत्रमागावर चादरी-टॉवेल विणणारा एक कामगार आणि घरात विड्या वळणारी त्याची बायको, दोघांची कमाई एकत्र धरली तर महिना पाच हजारांत कोणाचं भागतं? ही मर्यादा २०१३ साली ठरली, त्याला दशक उलटून गेलं. माझं मत विचाराल तर सगळ्या घोळाचं मूळ इथंच आहे. प्रामाणिकपणे उत्पन्न सांगणारा बाहेर राहतो आणि दाखल्यावर आकडा बसवून घेणारा आत जातो.

बरं, लोकांचा गैरसमज उगीच झालेला नाही. २०१४ च्या आधी केशरी कार्डावरही धान्य यायचं, गहू ७ रुपये २० पैसे आणि तांदूळ ९ रुपये ६० पैसे किलोनं. घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत ते पक्कं आहे. मग करोना आला आणि २०२० च्या उन्हाळ्यात शिक्का नसलेल्या केशरी कार्डांनाही माणशी पाच किलो धान्य दिलं गेलं, गहू ८ आणि तांदूळ १२ रुपयांनी. ती तात्पुरती सोय होती, पण 'केशरीवर मिळतं' ही समजूत ताजी झाली. पुढं २०२४ च्या जुलैत 'लाडकी बहीण'साठी पिवळं किंवा केशरी कार्ड असलं की उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता. त्यासाठी केशरी कार्ड असणं पुरेसं होतं. धान्यासाठी ते पुरेसं नव्हतं आणि आजही नाही.

म्हणून अर्ज करताना आपण नेमकं काय मागतोय हे आधी ठरवायचं. कार्डच नसेल किंवा लग्नानंतर वेगळी चूल मांडली असेल, तर पहिला अर्ज नवीन शिधापत्रिकेचा, नमुना १ वर. त्याला सगळ्यांचे आधार, राहत्या जागेचा पुरावा (लाइट बिल, भाडेकरार वगैरे), तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. हा शेवटचा कागद सगळ्यात जास्त अडवतो. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर तसंच असतं, आणि एक आधार दोन कार्डांवर चालत नाही. माहेर कलबुर्गीचं किंवा तेलंगणातलं असेल तर तिकडून नाव कमी करून आणावं लागतं, आपल्याकडं अशी घरं काही कमी नाहीत. आणखी एक, कायद्याप्रमाणं कुटुंबप्रमुख म्हणून नाव लागतं ते घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईचं. फोटो तिचाच न्यायचा.

कार्ड आहे पण धान्य नाही, अशांचा अर्ज दुसरा. 'प्राधान्य कुटुंब योजनेत समावेश करावा' असा. सोबत चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, कार्डाची आणि आधारची झेरॉक्स आणि हमीपत्र. शहरात तो परिमंडळ कार्यालयात (आपल्या भागाच्या रेशन कचेरीत) द्यायचा, तालुक्यात तहसीलच्या पुरवठा शाखेत. नवीन कार्डाच्या अर्जावर धान्याची मागणी आपोआप धरली जाईल असं समजू नये, ती स्वतंत्र लिहून द्यावी आणि पोच घ्यावी.

दुसऱ्या अर्जाला बहुतेकदा उत्तर येतं, 'इष्टांक शिल्लक नाही.' इष्टांक म्हणजे किती माणसांना योजनेत घ्यायचं याचा ठरवून दिलेला आकडा. पुष्कळांना ही टोलवाटोलवी वाटते. कधी असतेही, पण इष्टांक ही खरी अडचण आहे. केंद्रानं महाराष्ट्राला ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के लोकसंख्येची मर्यादा घातली, तीही २०११ च्या जनगणनेवर. राज्यभरात मिळून सुमारे सात कोटी माणसं. ती संख्या जिल्ह्यांत वाटली जाते आणि भरली की नवीन नाव घ्यायला जागा राहत नाही. कोणी मयत झालं, दुबार नावं निघाली, कोणी स्वतःहून योजना सोडली, की जागा होते. त्यामुळं अर्ज नाकारला असं तोंडी ऐकून घरी जाऊ नका. पोच हातात असली तर जागा झाल्यावर मागचा अर्ज दाखवता येतो.

शहर आणि खेडं हा फरक सोलापुरात कागदावर भलताच महाग पडू शकतो. गोदूताई परुळेकर विडी घरकुल आणि रे नगर या मोठ्या कामगार वसाहती कुंभारीला, म्हणजे दक्षिण सोलापूर तालुक्यात. माणूस काम शहरात करतो, बाजार शहरात करतो, पण पत्ता गावाचा. तिथं मर्यादा ५९ ऐवजी ४४ हजारांची आणि कचेरी परिमंडळाऐवजी तहसीलची. शहरातल्या झोपडपट्टीतून तिकडं राहायला गेलेल्यांनी जुन्या परिमंडळात हेलपाटे घालण्याआधी कार्ड कुठल्या दुकानाला जोडलंय ते बघावं.

अंत्योदय आणि प्राधान्य यांतही लोक गल्लत करतात, पण तो फरक सोपा आहे. अंत्योदयात कार्डामागं महिन्याला ३५ किलो, माणसं कितीही असोत. प्राधान्यात युनिटमागं, म्हणजे माणशी पाच किलो. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराला अंत्योदयात ३५ आणि प्राधान्यात १० किलो. सात माणसांना दोन्हीकडं सारखंच. नऊ जणांच्या घराला प्राधान्यातच जास्त, ४५ किलो. तेव्हा 'अंत्योदय करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी घरातली डोकी मोजा. अंत्योदयाला किलोभर साखर २० रुपयांनी आणि वर्षाला एक साडी असते, हे खरं. पण ती योजना निराधार, विधवा, अपंग, दुर्धर आजारी, भूमिहीन मजूर, विणकर-कुंभारासारखे हातावर पोट असलेले कारागीर यांच्यातल्या सर्वांत गरिबांसाठी आहे. धान्य मात्र दोघांनाही जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. दुकानदार गव्हा-तांदळाचे पैसे मागत असेल तर ते चूक. (येतं ते बहुतेक महिने गहू आणि तांदूळच. कायद्यात ज्वारीसारखं भरड धान्यही आहे, पण ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या जिल्ह्याला ते कागदावरच!)

आणखी एक तुलना सोलापुरात हमखास ऐकू येते. "तुळजापूरच्या पाव्हण्याला केशरी कार्डावर खात्यात पैसे येतात, आम्हाला का नाही?" त्याच्या घरी येतात हे खरं असू शकतं. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभागातले सगळे जिल्हे आणि वर्धा, अशा १४ जिल्ह्यांत केशरी कार्ड असलेल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य होतं. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये ठरले, पुढं ते १७० झाले. धाराशिव आणि लातूर त्या यादीत आहेत. सोलापूर पुणे विभागात, म्हणून नाही. सांगोला, मंगळवेढा, करमाळ्याचा दुष्काळ तुळजापूरपेक्षा हलका असतो असं कोणी म्हणणार नाही, पण यादी जिल्ह्यांची आहे, दुष्काळाची नाही.

आता एजंटांबद्दल. हल्ली विकला जाणारा माल म्हणजे 'बारा अंकी नंबर'. कार्ड ऑनलाइन नोंदलं गेलं की त्याला बारा अंकी क्रमांक मिळतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दवाखान्यात दाखल होताना कार्ड मागतात, तिथं हा क्रमांक उपयोगी पडतो. पण तो क्रमांक म्हणजे कार्डाची नोंद झाली इतकंच. एजंट बारा अंकी काढून देतो, पैसे घेतो आणि 'पुढच्या महिन्यापासून माल सुरू' असं सांगून मोकळा होतो. त्याच्या फोनवर किंवा दुकानदाराच्या मशीनवर कार्डाचा प्रकार बघायला सांगा. 'पीएचएच' म्हणजे प्राधान्य, 'एएवाय' म्हणजे अंत्योदय. 'एनपीएच' म्हणजे या दोन्हींत नाही. ते दिसलं तर बारा काय, चोवीस अंक असले तरी धान्य येणार नाही.

कामासाठी पुण्याला जाणाऱ्यांनाही हेच लागू. 'वन नेशन वन रेशन'मध्ये राज्यात किंवा देशात कुठल्याही दुकानातून धान्य उचलता येतं, पण मुळात प्राधान्य किंवा अंत्योदय असेल तरच. सोलापुरात एनपीएच असलेलं कार्ड हडपसरला जाऊन पीएचएच होत नाही.

आणि ज्यांचं नाव योजनेत आहे, त्यांचं धान्य अडतं ते बहुतेकदा दोन कारणांनी. एक, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिली असेल तर त्या युनिटचं धान्य बंद होऊ शकतं. ती दुकानात ई-पॉस मशीनवर (ठसा घेऊन पावती देणाऱ्या यंत्रावर) होते, मोबाइलवर 'मेरा ई-केवायसी' ॲपमधून चेहरा दाखवूनही होते. दुसरं, थंब, म्हणजे बोटाचा ठसा. वर्षानुवर्षं तंबाखू-पानं हाताळून, सूत ओढून बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन त्यांना ओळखत नाही. घरातल्या कार्डावर नाव असलेल्या कोणत्याही एकाचा थंब चालतो, त्यामुळं आजीला रांगेत उभं करण्यापेक्षा नातवाला पाठवावं. कोणाचाच लागत नसेल तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्यानं द्यायचे.

नाव आहे, केवायसी झाली, तरी माल कमी दिला किंवा पावती दिली नाही, तर तक्रार १९६७ या हेल्पलाइनवर करता येते. फोन करताना बारा अंकी क्रमांक, दुकानाचा क्रमांक आणि महिना सांगावा. ई-पॉसची पावती हातात असेल तर त्यावर किती किलो दिल्याचं छापलंय तेही वाचून दाखवायचं.