कोकणातली जुनी रेकॉर्डिंग्ज अशी का वाजतात

चांगला अँप म्हणजे अँप्लिफायर आणि चांगले स्पीकर घरात आले की एक तक्रार हमखास ऐकू येते, आधी गोड लागणारं जुनं नाट्यपद किंवा डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यातलं, भजन आता कानाला टोचायला लागलं. सिस्टिम बिघडलेली नसते, आधी जे झाकलं जायचं ते आता ऐकू येतं एवढंच. पण सगळ्याला सरसकट 'खराब रेकॉर्डिंग' म्हणणं मला पटत नाही, प्रत्येक काळाने आपला वेगळा दोष मागे ठेवलाय आणि तो ओळखला की काय करायचं ते बरंचसं कळतं.

1902 साली ग्रामोफोन कंपनीचा रेकॉर्डिंग करणारा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि गायिका गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरला. तेव्हा माइक नव्हता, गायक भोंग्यात तोंड घालून जोरात गायचा आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरायची, त्यात साधारण 250 ते 2500 हर्ट्झ एवढंच उतरायचं. म्हणजे तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा गेला, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझण, गेली. 1925 नंतर माइक आला आणि रेंज बरीच वाढली, पण 10 इंची तबकडीची बाजू तीन-साडेतीन मिनिटांतच संपायची. गोव्यातल्या फोंड्याजवळच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची जी भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीसुद्धा साडेतीन मिनिटांचीच आहे, आणि त्यात बाईंच्या आवाजाचा जो दमसास ऐकू येतो तो कुठल्याही खरखरीने अडत नाही.

खरखर तर जन्मापासूनचीच. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड मिसळायचे, स्टीलची सुई घासून खाचेत नीट बसावी म्हणून. वर 1954 मध्ये आरआयएए कर्व्ह, म्हणजे सगळ्यांसाठी एकच माप, ठरेपर्यंत तबकडी कापताना बास किती दाबायचा आणि ट्रेबल किती चढवायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची, त्यामुळे आजच्या फोनो स्टेजवर (तबकडीचा बारीक सिग्नल वाढवून टोन सरळ करणारा अँपचा भाग) 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी तबकडी तशीच वाजवली तर टोन चुकतोच. तिला 3 मिलची (इंचाच्या हजारांश भागाला मिल म्हणतात) जाड सुई लागते, एलपीची चालत नाही, आणि अँपवर मोनोचं बटण असेल तर दाबाच, सुईच्या वर-खाली होण्याने येणारा आवाज त्यात कटतो आणि खरखर चांगलीच उतरते.

कॅसेट फिलिप्सने 1963 मध्ये आणली, आपल्याकडे तिचा पूर 80 च्या दशकातला. तबकडी निघायची ती मोठ्या नावांची, कॅसेटमुळे वाडीवाडीतली भजनं, दशावतार, नमन हे सगळं टेपवर आलं, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त ते आलं कसं तर जत्रेत कर्ण्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवून. कर्ण्यातून बास जवळपास येतच नाही, म्हणजे पखवाजाची धूम त्या टेपवर मुळातच नाही, बास वाढवलात तर नुसती घरघर वाढेल, पखवाज परत येणार नाही. मग त्या टेपची कॉपी, कॉपीची कॉपी, आणि वर आपला पावसाळा, कपाटात ठेवलेल्या टेपवर पांढरी बुरशी धरतेच.

पण कॅसेटमधला एक दोष खरंच दुरुस्त होतो. रेकॉर्ड करणाऱ्या मशीनचं हेड जरा तिरकं असेल आणि आपल्या डेकचं सरळ, तर वरचे सूर मारले जातात आणि सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, कॅसेट चालू असताना मोनोवर ऐकत ऐकत तो केसभर फिरवायचा, एका जागी झांज एकदम उघडते, बुवांचे शब्द सुटे होतात, तिथेच थांबायचं. टेप संपली की स्क्रू आपल्या नेहमीच्या जागी, नाहीतर बाकीच्या कॅसेट बिघडलेल्या वाटतील. टेपला बुरशी असेल तर आधी ती साफ करून घ्या, तशीच चालवलीत तर ती हेडला आणि पुढच्या कॅसेटला लागते.

एमपीथ्रीच्या काळात दोष उलटा झाला. हिस, म्हणजे टेपची सततची सळसळ, काढायच्या नादात सॉफ्टवेअर एवढं लावतात की हिसबरोबर झांजेची धार आणि सभेतली हवाही जाते, आणि हे गेलेलं कुठल्याच बटणाने परत येत नाही. म्हणून घरात मूळ टेप असेल तर ती कॉम्प्युटरवर 24 बिट, 96 किलोहर्ट्झला, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मापात, उतरवून एक प्रत काहीही साफ न करता तशीच ठेवा, जी काय सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.