सुट्टीवरून परतलेल्या जवानाचे चौदा दिवस

खानदेशातली पोरं भरतीची तयारी करतात ती तापीकाठच्या 44-45 अंशांच्या उन्हात. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटरवर, लेह साडेतीन हजारांवर. तोरणमाळचा घाट पळून चढला की उंचीची सवय होते, असं अनेकांना वाटतं. तोरणमाळ साधारण 1,150 मीटर आहे आणि विरळ हवेचा त्रास प्रामुख्याने 2,500 मीटरच्या पुढे सुरू होतो. तिथे दमसास वाचवत नाही. उलट धडधाकट पोरगा पहिल्याच दिवशी धावपळ करतो आणि आजारी पडतो.

1962 च्या युद्धात सपाटीवरच्या तुकड्या थेट हिमालयात चढवल्या गेल्या. फुफ्फुसात पाणी भरून माणसं दगावली. त्या काळातल्या लष्करी डॉक्टरांनी 1,925 जवानांच्या नोंदींवरून 1969 मध्ये लिहिलेला अभ्यास आजही जगभर वाचला जातो. 1984 पासून सियाचीनवर तर गोळीपेक्षा हवामानाने जास्त जवान गेले.

यातूनच जवानाला टप्प्याटप्प्याने उंचीची सवय लावण्याची आजची पद्धत पक्की होत गेली: 9,000 ते 12,000 फुटांवर सहा दिवस, 15,000 पर्यंत चार, त्यापुढे आणखी चार. सहांपैकी पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, मग हळूहळू चालणं. नव्याने येणाऱ्याच्या बाबतीत यावर कोणाचा वाद नाही.

वाद आहे तो सुट्टीवरून परतणाऱ्याबद्दल. दहा दिवसांपेक्षा जास्त खाली राहिला तर प्रत्येक टप्प्यावर चार दिवस. चार आठवडे ओलांडले तर सगळे चौदा दिवस पहिल्यापासून. लगीनसराईत चाळीसगावला किंवा शिरपूरला आलेल्या जवानाची महिना-दीड महिन्याची सुट्टी ही मर्यादा सहज ओलांडते. 2020 नंतर लडाखमध्ये फौज वाढली, हिवाळाभर टिकून राहिली, तशी ही ये-जाही वाढली. चौकीवर माणूस कमी असताना जुना, कसलेला जवान दोन आठवडे खाली बसवून ठेवणं अधिकाऱ्याला जड जातं, हे खरं आहे. ‘याला सवय आहे’ या म्हणण्यालाही थोडा आधार आहे, कारण रक्तातलं वाढलेलं हिमोग्लोबिन लगेच उतरत नाही. पण उंचीवर श्वासाला आलेला वेग खाली आल्यावर काही दिवसांतच ओसरतो. फुफ्फुसाचं तर विचित्रच: वर्षानुवर्षं उंचीवर राहिलेली, तिथेच जन्मलेली माणसंसुद्धा सपाटीवरून परतताना या आजाराने पडतात. अनुभव इथे ढाल होत नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

यावर अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी पुढे केली जाते. तातडीच्या हालचालीत ती उपयोगी आहे. मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावून ती श्वास वाढवते, सवय लवकर होते. दिवसांची जागा मात्र ती घेत नाही.

विमानाने हा प्रश्न अधिक टोकदार केला. पूर्वी रस्त्याने जाताना वाटेतले मुक्काम थोडीफार सवय लावत. आता भुसावळहून दिल्ली गाठलेला जवान तिथून दीड तासात लेहला उतरतो. फुफ्फुसात पाणी भरण्याचा प्रकार बहुतेकदा पोहोचल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, रात्री सुरू होतो. म्हणजे ‘जुना माणूस आहे’ म्हणून ज्याला दुसऱ्याच दिवशी ओझं देऊन वर धाडलं, त्याला नेमक्या त्याच दिवसांत डॉक्टरपासून दूर नेलं जातं.