रविवारचे शास्त्रपाठ मोबाईलवर घेण्याआधी

ॲप चुकीचा पाठ दाखवतंय असं वाटलं, तर बहुतेक वेळा ॲप बरोबर असतं. त्यात भरलेला तक्ता मात्र दुसऱ्या चर्चचा असतो. म्हणून ॲप निवडण्याआधी आपली मंडळी कोणता तक्ता पाळते ते ठरवा.

लेक्शनरी म्हणजे कोणत्या दिवशी कोणता शास्त्रभाग वाचायचा याचा तक्ता. कॅथोलिक चर्चचा सध्याचा तक्ता १९६९चा, दुसरी आवृत्ती १९८१ची. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत चालणारी रिवाइज्ड कॉमन लेक्शनरी १९९२ची, आणि तीही कॅथोलिक तक्त्यावरूनच बेतलेली. दोन्हींत तीन वर्षांचं चक्र आहे: अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. वर्ष ओळखायचं तर सनाला ३ने भागा. बाकी १ उरली तर अ, २ उरली तर ब, काहीच उरलं नाही तर क. २०२६ हे अ वर्ष. पण हे वर्ष १ जानेवारीला बदलत नाही, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी बदलतं. म्हणजे २९ नोव्हेंबर २०२६ पासूनच ब सुरू. डिसेंबरात “चुकीचं शुभवर्तमान आलं” अशी ओरड होते ती यामुळेच.

२१ जून २०२६चा रविवार घ्या. कॅथोलिक तक्त्यात तो सामान्यकाळाचा (मोठ्या सणांच्या हंगामांबाहेरच्या दिवसांचा) १२वा रविवार: यिर्मया २०:१०-१३ आणि मत्तय १०:२६-३३. रिवाइज्ड कॉमनमध्ये तोच ‘प्रॉपर ७’ (आकड्यात ५चा फरक), आणि मत्तय १०:२४-३९. शिवाय जुन्या कराराचे पर्याय दोन: सलग वाचायचं तर उत्पत्ती २१:८-२१, शुभवर्तमानाशी जुळणारं हवं तर यिर्मया २०:७-१३. वर्षाच्या या भागात कोणता पर्याय घ्यायचा ते पाळकसाहेबांनी एकदाच ठरवावं. दर आठवड्याला बदललं तर सलग वाचनाला अर्थ उरत नाही. धर्मप्रांताने स्वतःचा छापील तक्ता दिला असेल, तर ॲप काहीही दाखवो, तोच धरा. ऑर्थोडॉक्स आणि केरळी सिरियन परंपरेच्या चर्चचे तक्ते पूर्ण वेगळे आहेत. त्यांना यातलं काहीच लागू नाही.

कॅथोलिक मंडळींनी ॲपमध्ये देश ‘भारत’ निवडलाय का ते पाहावं. युनिव्हर्सालिस या ॲपमध्ये ही सोय आहे. ३ डिसेंबरचा संत फ्रान्सिस झेवियर आपल्याकडे मोठा सण आहे, बाहेर बहुतेक ठिकाणी साधी स्मृती. येशूच्या स्वर्गारोहणाचा सण आपल्याकडे रविवारी, तर काही देशांत गुरुवारीच.

खरी डोकेदुखी वचनांच्या आकड्यांची. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साचं पहिलं वाचन कॅथोलिक तक्त्यात यशया ९:१-६ असं असतं. बायबल सोसायटीच्या मराठी पवित्र शास्त्रात तोच भाग ९:२-७ आहे. जसंच्या तसं उघडलं तर सुरुवातीला एक नको असलेलं वचन येतं आणि शेवटचं गळतं. मलाखी ३:१९-२० शोधायला जाल तर आपल्याकडे सापडणारच नाही, ते ४:१-२ आहे. स्तोत्रांतही १० ते १४७ या भागात बहुतेक ठिकाणी जुन्या लॅटिन क्रमांकात एक कमी पडतो: आपलं ६९वं तिकडे ६८वं. सिराक, टोबित, मक्काबी हे ग्रंथ ६६ पुस्तकांच्या मराठी बायबलात नाहीत, तेव्हा तिथे पडदा कोरा दिसतो. त्याला ॲपचा बिघाड समजू नका. संदर्भ टाइप करताना इंग्रजी आकडे वापरा. बऱ्याच सॉफ्टवेअरना देवनागरी आकडे ओळखता येत नाहीत.

रिवाइज्ड कॉमनचा तक्ता अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, कॅलेंडर फाइलसकट. ती गुगल कॅलेंडरमध्ये घालायची तर संगणकावरून घाला, मोबाईल ॲपमधून आयात होत नाही. आधी ‘शास्त्रपाठ’ नावाचं वेगळं कॅलेंडर तयार करा आणि फाइल त्यातच टाका. मुख्य कॅलेंडरमध्ये टाकलीत तर पुढे एकेक नोंद हाताने पुसत बसावं लागेल. एकदा फोनवर उतरलं की गावात रेंज नसली तरी दिसतं. लोगोस या बायबल ॲपमध्ये दोन्ही तक्ते आहेत. अँड बायबल हे ॲप फुकट आहे, पण त्यात एक मेख: रोजच्या मननाची मॉड्यूल (ॲपमध्ये वेगळ्या भरायच्या फाइली) महिना आणि तारखेवर बांधलेली असतात. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कुठेही येतो (२०२६ला ५ एप्रिल, २०२७ला २८ मार्च), त्यामुळे अशा साच्यात भरलेला तक्ता एकाच वर्षापुरता खरा. पुढच्या वर्षी नवीन मॉड्यूल हवंच.

शास्त्रपाठांची पत्रिका आमच्याकडे छापायला देणाऱ्यांसाठी: ॲपमधला मजकूर युनिकोडमध्ये असतो. श्रीलिपी या जुन्या फाँटच्या फाइलमध्ये तो सरळ चिकटवला की जोडाक्षरं फुटतात. आम्हाला वर्ड फाइल युनिकोडमध्येच पाठवा, सोबत मंडळीच्या चालू वर्षाच्या छापील तक्त्याचे फोटो. नाताळ, राखेचा बुधवार, ईस्टर आणि जूनमधला एखादा रविवार हे चार दिवस आम्ही त्याच्याशी ताडून पाहतो. चारही जुळले तरच बाकीचं वर्ष छापायला घेतो.