एसीजवळची फरशी आणि पाटणकरांची 'सिंपल' युक्ती

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरच्या बातम्यांत मेगावॉट असतात, कोटी असतात. आतले सर्व्हर गार कसे राहतात, याला मात्र एक ओळ मिळत नाही. कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'एसीच्या जितकं जवळ, तितकं गार.'

फसगत होते ती इथेच. बऱ्याच डेटा सेंटरमध्ये सर्व्हरचे रॅक फूट-दोन फूट उचललेल्या फरशीवर उभे असतात. एसी थंड हवा त्या फरशीखाली ढकलतात आणि रॅकसमोरच्या भोकाभोकांच्या फरश्यांमधून ती वर येते. आता हिशेब पाहा. सेकंदाला ५ मीटर वेगाने धावणाऱ्या हवेचा गतिज दाब, म्हणजे वेगातच गुंतलेला दाब, सुमारे १५ पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक). आणि हवेला वर ढकलणारा दाब? तोही मुळात दहा-पंधरा पास्कलच्याच घरातला! एसीच्या तोंडाशी दाबाची पुंजी अशी वेगातच गुंतून पडते. हवा पुढे जाऊन मंदावली की ती पुंजी मोकळी होते. म्हणून एसीला खेटलेल्या फरशीतून हवा कमी येते. कधी तर वरची गरम हवाच खाली ओढली जाते.

हे आधी कळायचं कसं? त्यासाठी पुण्यात जन्मलेल्या एका इंजिनिअरकडे जावं लागतं. सुहास पाटणकर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आणि आयआयटी मुंबईतून लंडनच्या इंपिरिअल कॉलेजात गेले. तिथे ब्रायन स्पाल्डिंग या आपल्या गुरूंबरोबर १९७२ साली त्यांनी प्रवाहाचं गणित सोडवण्याची एक पद्धत मांडली. तिचं नाव 'सिंपल'. हे इंग्रजी आद्याक्षरांचं लघुरूप आहे, पण शोभून दिसतं.

अडचण अशी होती. जागेचे हजारो छोटे खण पाडले आणि दाब ठाऊक असला, तर न्यूटनच्या नियमाने हवेचा वेग काढता येतो. पण दाबच ठाऊक नाही! उरतो एकच नियम: खणात जितकी हवा शिरेल तितकीच बाहेर पडली पाहिजे. त्या समीकरणात दाबाचं नावही नाही.

पाटणकर-स्पाल्डिंग म्हणाले, दाब अंदाजाने धरा. त्यावरून वेग काढा. मग प्रत्येक खणाचा जमाखर्च तपासा. आवक जास्त दिसली तर तिथला दाब वाढवा, जावक जास्त असेल तर कमी करा. पुन्हा वेग काढा.

खरी गंमत दुरुस्तीच्या सूत्रात आहे. एका खणातला वेग दुरुस्त केला की शेजारच्यांचे वेगही हलतात, मग त्यांच्या शेजारच्यांचे... सगळी खोलीच गुंत्यात अडकते. या दोघांनी शेजाऱ्यांच्या वेगांच्या दुरुस्तीचं ते पद चक्क गाळून टाकलं. लबाडीच ही! पण जमाखर्च जुळला की दुरुस्तीच शून्य होते, आणि तिच्याबरोबर गाळलेलं पदही. उत्तराला धक्का लागत नाही. फक्त वाटेत दुरुस्त्या वाजवीपेक्षा मोठ्या निघतात, म्हणून दर फेरीला दाबाच्या दुरुस्तीचा काही हिस्साच वापरायचा. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसताच बसलो होतो.

गुरू-शिष्य दोघांनीही पुढे कंपन्या काढल्या. स्पाल्डिंग यांच्या कंपनीने १९८१ मध्ये प्रवाहाची अशी गणितं करणारं 'फिनिक्स' हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं. अमेरिकेत मिनेसोटात प्राध्यापक असलेल्या पाटणकरांनी १९८७ मध्ये 'इनोव्हेटिव्ह रिसर्च' सुरू केली. तिचं 'टाइलफ्लो' हे सॉफ्टवेअर खास अशा फरश्यांसाठी आहे. त्यामागच्या गणितातही गाळण्याचीच कला दिसते: फरशीच्या वर दाब सगळीकडे सारखाच धरला, तर कोणत्या फरशीतून किती हवा येईल हे काढायला वरची खोली मोजायचीच गरज नाही. फरशीखालचा भाग पुरतो. कामाचा पसारा एकदम आटोक्यात येतो. सॉफ्टवेअर सोपं करायचं म्हणजे ठसठशीत बटणं देणं, असं समजणाऱ्यांनी हे बघावं.

अर्थात, पडद्यावरचे लाल-निळे रंग पाहून कुणीही भुलतं. अंदाज चुकीचे भरले तरी चित्र तितकंच देखणं येतं. तरी ईशान्य दिशा बघून रॅक लावण्यापेक्षा हे बरं; इथे निदान फरशीवर मापक ठेवून उत्तर पडताळता येतं.

आणि एसीजवळच्या त्या उपाशी फरशीचं काय? दरवेळी नवा एसी लागतोच असं नाही. कमी भोकांच्या फरश्या बसवल्या तरी बराच फरक पडतो. फरश्यांचा अडथळा वाढला की फरशीखालचा दाब चढतो, जागोजागचे चढउतार त्यापुढे किरकोळ ठरतात आणि जवळच्या-लांबच्या फरश्यांमधून हवा बरीचशी सारखी येऊ लागते.