स्कॉटिश बॉनेटवर चांदीचा कुळबिल्ला लावताना

बिल्ला बॉनेटला, म्हणजे स्कॉटिश टोपीला, टोचण्याआधी त्याची कड नीट पाहा. मधल्या चिन्हाभोवती बकल असलेला पट्टा आणि त्या पट्ट्यावर ब्रीद कोरलेले असेल, तर तो कुळातल्या (स्कॉटिश ‘क्लॅन’मधल्या) सर्वसाधारण माणसाचा बिल्ला आहे. मधले चिन्ह मात्र कुळप्रमुखाचे असते. कॅम्पबेल कुळाचे रानडुकराचे मुंडके किंवा मॅक्लाउड कुळाचे बैलाचे मुंडके ही त्या त्या प्रमुखाची चिन्हे आहेत. ते चिन्ह पट्ट्यात घालून मिरवणारा ‘मी या प्रमुखाला मानतो’ एवढेच सांगत असतो. म्हणूनच असा बिल्ला टोपीवर खुशाल लावावा, पण तेच चिन्ह स्वतःचे म्हणून लेटरहेडवर छापू नये किंवा घरातल्या चांदीच्या भांड्यांवर कोरून घेऊ नये. स्कॉटलंडमध्ये कुलचिन्हांवर लॉर्ड लायन या कुलचिन्ह-अधिकाऱ्यांच्या एडिंबरातल्या न्यायालयाचा अधिकार चालतो आणि त्याविषयीचा १६७२ चा कायदा आजही लागू आहे.

बकल नसलेले साधे गोल कडे वेगळे. ते कुळप्रमुखाचे, किंवा लॉर्ड लायन यांच्याकडून स्वतःच्या नावे कुलचिन्ह मिळालेल्या व्यक्तीचे असते. बिल्ल्यामागच्या गरुडपिसांनाही असाच अर्थ आहे: प्रमुखाला तीन, शाखाप्रमुखाला दोन, स्वतःचे कुलचिन्ह असलेल्याला एक. बाकी कुणी पीस लावत नाही. चांदीत घडवलेल्या छोट्या पिसांनाही हाच नियम आहे. शोभेसाठी एखादे पीस जोडून द्या, अशी मागणी आम्ही बिल्ले घडवणारे नाकारतो ती यामुळेच.

स्कॉटिश घरात लग्न झालेले मराठी जावई विचारतात, सासरच्या कुळाचा बिल्ला चालेल का? सासरच्या मंडळींची संमती असेल आणि त्या कुळप्रमुखाला तुम्ही मनापासून मानत असाल, तर पट्टा-बकलचा बिल्ला घाला. कुठल्याच कुळाशी नाते नसेल तर थिसलचे काटेरी फूल किंवा संत अँड्र्यूचा तिरपा क्रूस निवडा. ही साऱ्या देशाची चिन्हे आहेत आणि ती कुणालाही शोभतात.

जागा

बिल्ला नेहमी डाव्या बाजूला, डोळा आणि कान यांच्या मधोमध, कानशिलावर येतो. तिथे टोपीवर रिबनीचे चुणीदार फूल शिवलेले असते, बहुधा काळे. बिल्ला त्या फुलावर बसतो.

बॅल्मोरल म्हणजे गोल, सपाट माथ्याची, वर गोंडा असलेली लोकरी टोपी. तिचा माथा उजवीकडे ओढून घेतात, त्यामुळे डावी बाजू मोकळी राहते आणि बिल्ला दिसतो. ग्लेनगॅरी होडीसारखी लांबट, घडी होणारी. ती उजवीकडे किंचित झुकवून, पुढची कड भुवईच्या साधारण २.५ सेंमी वर ठेवून घालतात. मागच्या दोन रिबिनी मोकळ्या सोडाव्यात.

सर्वात जास्त चुका इथे होतात. टोपी टेबलावर ठेवून बिल्ला सरळ लावला, की डोक्यावर चढवल्यावर तो पुढे कललेला दिसतो, कारण टोपी स्वतःच तिरपी बसते. म्हणून आधी टोपी रोजच्यासारखी घाला, आरशासमोर बिल्ला डाव्या बाजूला धरा, चिन्ह उभे दिसेल तिथे खडूने दोन ठिपके करा, मगच टोपी काढा.

बसवणे

मागे आडवी सुई आणि खटका असलेला बिल्ला सोपा. सुई फक्त फुलातून घालू नका, टोपीचे कापडही तिच्यात पकडा. नुसत्या रिबनीवर चांदीचे वजन पेलत नाही, फूल खाली ओघळते. सुई बिल्ल्याच्या मध्यरेषेच्या वर असली पाहिजे. ती खाली असेल तर वरचा भाग पुढे झुकतो. असा बिल्ला आमच्याकडे परत आणा, सुई वर सरकवून झाळून देता येते.

मागे दोन कड्या असतील तर टोपीला दोन भोके लागतात. ती कात्रीने कापू नका. दाभणाने लोकरीचे धागे बाजूला सारून वाट करा. कापलेले भोक वापरागणिक मोठे होते, नुसते सारलेले धागे कडीभोवती पुन्हा आवळतात. आतून सुमारे ४ सेंमीचा जाड फेल्ट किंवा पातळ चामड्याचा तुकडा लावा, कड्या त्यातूनही बाहेर काढा आणि दोन्हींतून दुपाखी पिन ओवून तिची टोके वाकवा. तुकड्यामुळे वजन पसरते. बिल्ला हलत असेल तर आणखी एक तुकडा घाला, पिन जोराने पिळू नका. टोके कानशिलाला टोचू नयेत म्हणून वरून मऊ कापड टाचा.

सणासुदीला कुळाची वनस्पतीही लावतात: मॅकडोनाल्ड हेदर, मॅकग्रेगर पाइन, मॅकेंझी हॉली. ५ ते ७ सेंमीची डहाळी, टोक वर, बिल्ला आणि रिबनीचे फूल यांच्यामध्ये खोचावी. देठाला पट्टी गुंडाळा, नाहीतर चीक रिबनीवर डाग पाडतो. घरी येताच डहाळी काढा.

चांदीची निगा

आमचे बिल्ले ९२५ चांदीचे, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. ब्रिटनमध्ये विकताना ७.७८ ग्रॅमहून जड चांदीच्या वस्तूला हॉलमार्क बंधनकारक आहे. एडिंबरा येथे तपासलेल्या बिल्ल्याच्या मागे किल्ल्याची खूण दिसेल.

टोपीवर ठेवलेला बिल्ला डबीतल्या बिल्ल्यापेक्षा लवकर काळवंडतो. लोकरीत गंधक असते आणि चांदी त्यानेच काळी पडते. म्हणून समारंभ झाला की बिल्ला उतरवा, मऊ सुती कापडाने पुसा आणि हवाबंद पिशवीत ठेवा. रबरबँड लावू नका, त्यातही गंधक असते. कसर लागू नये म्हणून टोपीत डांबरगोळ्या ठेवत असाल, तर बिल्ला त्या कपाटात नको.

आपल्याकडे चांदी रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासायची सवय आहे. ताटवाट्यांचे काय करायचे ते तुम्ही ठरवा, पण बिल्ल्यावर हे वापरू नका. ब्रीदाची अक्षरे उथळ असतात आणि दोन-चार घासण्यांत त्यांच्या कडा बोथट होतात. चिंच, लिंबू, चांदी बुडवून उजळण्याचे द्रावण, सोडा आणि अॅल्युमिनियमचा कागद हेही टाळा. खोलगट भागातला काळेपणा आम्ही मुद्दाम ठेवलेला असतो. तो गेला की चिन्ह सपाट दिसते आणि ब्रीद वाचता येत नाही. चांदीच्या पॉलिशचे कापड फक्त उंच भागावर हलके फिरवा, तेही बिल्ला टोपीवरून काढल्यानंतरच. लोकरीत बसलेले पॉलिश निघत नाही. काळेपणा आधीच धुऊन गेला असेल तर बिल्ला आमच्याकडे द्या, तो पुन्हा चढवून मिळेल.