हॉस्टेलला फ्लूची साथ आली तर: कुठला अर्ज, कुठलं सर्टिफिकेट आणि कुठला रिपोर्ट मागूच नये

2009 चा ऑगस्ट पुण्यात काढलेल्यांना वेगळं सांगायला नको. 3 तारखेला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, 14 वर्षांची शाळकरी मुलगी, आणि मग शाळा-कॉलेजं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, गळ्यात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या. मी तेव्हा हॉस्टेलला होतो आणि आमच्या रेक्टरांचा प्लॅन एका वाक्याचा होता, सगळे घरी जा. माझा रूममेट अंगात ताप घेऊन भरलेल्या एसटीत बसला आणि गावी गेला, म्हणजे हॉस्टेल रिकामं झालं पण साथ कुठे गेली ते तुम्हीच बघा. आता मी स्वतः हॉस्टेल कमिटीत आहे, त्यामुळे दर जूनला जे तोंडी सांगतो ते एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात आधी ए, बी, सी समजून घ्या, कारण सगळी कागदपत्रं त्यावर अवलंबून आहेत. ही फ्लूच्या पेशंटची वर्गवारी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची आहे. साधा ताप, खोकला, घसा दुखणं, अंगदुखी म्हणजे ए. यात टेस्ट नाही, टॅमीफ्लू (फ्लूवरचं औषध) नाही, खोलीत वेगळं राहायचं आणि 24 ते 48 तासांनी डॉक्टरांनी परत बघायचं. ताप जास्त आणि घसा फारच दुखतोय तर बी. दमा, मधुमेह, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असणारी मुलं आणि गरोदर बायका यांना लक्षणं साधी असली तरी बीमध्येच धरतात. इथे डॉक्टर ऑसेल्टामिविर, म्हणजे टॅमीफ्लूच, देऊ शकतात, टेस्ट मात्र इथेही लागत नाही. दम लागणं, छातीत दुखणं, गुंगी, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं ही सी, म्हणजे कुठलाही अर्ज लिहीत बसायचं नाही, 108 लावायचा आणि ॲडमिट करायचं. टेस्ट होते ती याच लोकांची.

आता गंमत बघा. सरकार म्हणतं ए आणि बीची टेस्ट करू नका, आणि कॉलेजचं ऑफिस म्हणतं पॉझिटिव्ह रिपोर्ट आण मगच हजेरीत सूट. पोरगं मग तापात लॅब शोधत गावभर फिरतं, खिशातले पैसे घालतं आणि चार जणांना फ्लू देऊन येतं. आमच्याकडे हे बंद करायला दोन मीटिंगा गेल्या. तुमच्याकडे असा नियम असेल तर साथीची तयारी करताना पहिला तो काढा, सॅनिटायझरचे डबे नंतर आणा.

रिपोर्टऐवजी मागायचं ते मेडिकल सर्टिफिकेट. रजिस्टर्ड डॉक्टरचं हवं, त्यावर त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर, आजाराचं नाव, कुठल्या तारखेपासून किती दिवस विश्रांती, आणि हे बरेच जण विसरतात, पेशंटची सही आणि ओळखीची खूण. डॉक्टरनेही दिलेल्या सर्टिफिकेटची नोंद ठेवायची असते, म्हणून पंधरा दिवसांनी मागची तारीख टाकून द्या म्हणायला जाऊ नका, चांगला डॉक्टर देणार नाही. सोबत केसपेपरची झेरॉक्स, आयडी कार्डची झेरॉक्स आणि विभागप्रमुखांच्या नावे साधा अर्ज. हजेरीची अट बऱ्याच ठिकाणी 75 टक्के असते आणि आजारपणाची सूट किती ते प्रत्येक विद्यापीठ आपल्या नियमात ठरवतं, ते ॲडमिशनच्या वेळीच वाचून ठेवा. आजारी असताना अर्ज घेऊन स्वतः यायचं नाही. फोटो काढून मेल करायचा, ओरिजिनल नंतर. परत येताना "निगेटिव्ह आहे" असा कागद मागायचा नाही, पॅरासिटामॉल न घेता ताप उतरून 24 तास झाले आणि डॉक्टरने फिटनेस लिहून दिला की बस.

हॉस्टेलवाल्यांनी जूनमध्येच प्रत्येकाकडून एक पानी फॉर्म भरून घ्यावा. रक्तगट, जुना आजार, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, दिवसा उचलला जाईल असा घरचा फोन नंबर, आणि मूल 18 च्या आत असेल तर उपचाराला पालकांची संमती सहीसकट. अकरावी-बारावीची आणि एफवायची बरीच पोरं 17 चीच असतात, रात्री दोनला कॅज्युअल्टीत सही कोण करणार हा प्रश्न तेव्हा पडून उपयोग नाही. (याच वयात तापाला ॲस्पिरिनही द्यायची नाही, ऑफिसच्या फर्स्टएड डब्यातून ती आजच काढून टाका.) संडास-बाथरूम जोडून असलेल्या दोन-चार खोल्या मोकळ्या ठेवायच्या, तिथे थर्मामीटर, ऑक्सिमीटर, आणि मेसमधून डबा दाराशी. डबा पोचवायला एकच ठरलेला माणूस, नाहीतर सगळा मजला मित्राला बघायला जातो.

टॅमीफ्लूचा साठा कॉलेजने करायचा नाही. चिठ्ठीवरच मिळणारं औषध आहे आणि लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांत घेतलं तर जास्त उपयोगाचं, म्हणून बीमधल्या पोराला डॉक्टरकडे न्यायला उशीर नको.

लसीबद्दल दरवर्षी विचारतात. राज्य सरकारची मोफत लस गरोदर बायका, मधुमेह-ब्लडप्रेशरवाले आणि आरोग्य कर्मचारी अशांसाठी असते, धडधाकट विद्यार्थी त्यात बसत नाही, त्याने विकत घ्यायची. दमा किंवा शुगर असलेल्या पोराने जुना केसपेपर आणि आधार घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी जरूर करावी. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि लसीचा परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात, त्यामुळे शक्यतो मे-जूनमध्येच घ्या.

राहिलं कॉलेज बंद करायचं. साथीच्या काळात असे आदेश कलेक्टर किंवा मनपा आयुक्त काढतात, 1897 चा साथरोग कायदा त्यासाठीच आहे आणि तोही मुंबई-पुण्याच्या प्लेगमुळेच आलेला. एका मजल्यावर चार-पाच जण एकदम तापले तर मनपाच्या आरोग्य विभागाला, ग्रामीण भागात तालुका आरोग्य अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, त्यात खोल्या, तारखा आणि लक्षणं एवढंच, मुलांची नावं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाहीत. आणि आदेश आला तरी ताप असलेल्याला घरी पाठवायचं नाही, तो त्याच खोलीत राहणार आणि त्याच्यासाठी मेस चालू राहणार, हे मेसवाल्याच्या करारातच घालून घ्या.